नळाच्या दिवशीचा लोड

"तू मला शिकवू नको संग्या. चाळीसचा मेन काढायचा, त्रेसष्टचा बसवायचा, खेळ खतम."

बसवंतमामा स्टुलावर उभा हुता आन् मी खाली टॉर्च धरून. मी टॉर्च बंद केली.

"लाव की."

"न्हाई लावत. आधी मीटरजवळची वायर बग."

मामा म्हंजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. लातुरात तेवीस वर्षं वायरमन हाय, डोळे झाकून बोर्ड जोडतो. मी नववीत शाळा सोडली तवापासून त्याच्या मागं. शाळा सोडली कारण गणिताच्या सरांनी उत्तर बरोबर असून मार्क कापले, पायऱ्या कुठंयत मनले. मी मनलो डोक्यात हायत. ते मनले मग डोकं तपासायला पाठव. मी दप्तर उचललं आन् आलो. दोन वर्षं झाली, परत गेलो न्हाई.

तर त्या दिवशी आमी शिवप्पाशेटच्या घरी हुतो. डाळीचे व्यापारी, दोन मजल्याचं घर. पोर्चमधी नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी उभी, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे, आरशाला हाराचा दोरा तसाच. गाडी सुनेची, स्वप्नालीवहिनींची. त्या नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, सोमवारी पहाटे निघतात, शुक्रवारी रात्री परत. गाडीबरोबर भिंतीवर लावायचा चार्जर आलेला. आमाला तेवढाच लावायला बोलावलं हुतं.

पण तो चार्जर बत्तीस अँपिअरचा. बत्तीस म्हंजे किती? ह्या घरातला एक गीझर नऊ अँपिअर खातो. म्हंजे साडेतीन गीझर एकदम लावल्यासारखं, तेबी सलग सहा तास. आन् घराचा मेन चाळीसचा.

मामाचं मनणं, मेन मोठा टाकू. मेन म्हंजे घराचा राखणदार. वायरीला झेपतं त्यापेक्षा जास्त करंट गेला की तो खाली पडतो आन् वायर वाचते. राखणदार दणकट ठेवला तर तो पडणार न्हाई, पण वायर तीच. मी आल्या आल्या बगितलं हुतं, मीटरपाशी वायरीचं रबर तपकिरी पडलेलं. नखानं टोचलं तर भुगा झाला. तो भुगा मी मामाच्या तळहातावर ठेवला.

मामानी फुंकर मारून उडवला. मनला, सगळ्या लातुरातल्या वायरी अशाच हायत, आन् सगळं एकदम कोण लावतंय? त्याचा एकच नियम, सगळ्या घराचा लोड मांडायचा आन् निम्मा धरायचा. तेवीस वर्षं निम्म्यावर चाललंय.

"बरं," मी मनलो, "तुज्याच नियमानं करू. मांडू दे मला."

शिवप्पाशेट झोपाळ्यावर बसून ऐकत हुते. ते मनले, मांडू द्या पोराला, गाडी काय पळून जात न्हाई.

मग मी घर धुंडाळलं. चार्जरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आन् त्याच्यावर लिहीत गेलो. तीन गीझर. दोन एसी. फ्रीज, घरघंटी, मिक्सर, इस्त्री, शेगडी. पाण्याची मोटर. कपड्याचं मशीन, तेबी पाणी गरम करणारं, नुसतं तेच नऊ अँपिअर. अकरा पंखे. शिवप्पाशेटच्या मंडळी, पार्वतम्मा, माझ्या मागं मागं हुत्या. मी प्रत्येक वस्तू उलटी करून खालचं लेबल वाचत हुतो आन् त्या मनत हुत्या, तम्मा, तिथलं पुसलेलं न्हाई रे, बगू नको. उदगीरचं माहेर त्यांचं, बोलण्यात कानडी येतंच. धाकट्या पोराला तम्मा.

एक मजा कळली. मामाच्या निम्म्यात एसी आन् गीझर दोन्ही येतात. पण मे महिन्यात गीझर कोण लावतंय आन् जानेवारीत एसी कोण? दोन्ही धरायचे न्हाईत, मोठा तो धरायचा. हे कुणी शिकवलं न्हाई मला. जिन्यात उभा असताना आपोआप डोक्यात आलं आन् मला इतकं भारी वाटलं की मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आलो.

पण आधी मामाला त्याच्या नियमानं पाडायचा हुता. पुठ्ठा त्याच्या म्होरं धरला. "सगळं घर बहात्तर अँपिअर. निम्मं छत्तीस. गाडीचे बत्तीस. किती झाले?"

मामा पुठ्ठा उलटा करून बगायला लागला.

शिवप्पाशेट झोपाळ्यावरून मनले, "अडुसष्ट."

"त्रेसष्टचा मेनबी पुरत न्हाई मामा. तुज्याच हिशेबानं."

शिवप्पाशेट इतके हसले की झोपाळा कुरकुरला. मामाचे कान लाल झाले. स्टुलावरून उतरला आन् मनला, मग काय करायचं पंडित?

थ्री फेज घ्यायचं, मी मनलो. आत्ता घरात एकच वाट हाय, सगळी गर्दी तिच्यातून. थ्री फेज म्हंजे तीन वाटा, प्रत्येकीला चाळीसचा राखणदार. जुनी वायर जाईल, नवी जाड येईल. मग कुठलं सामान कुठल्या वाटंवर टाकायचं ते मी ठरवणार.

"तू ठरवणार?"

"मी."

मामानी पक्कड खिशात घातली. मग सगळ्यांच्या म्होरं बोलला. "ठरव. मी तू सांगशील तिथं वायर जोडतो. मेन एकदाबी पडला न्हाई तर माझा टाँग टेस्टर तुजा, आन् इथून पुढं गाडीच्या चार्जरचं प्रत्येक काम तू मोजणार. पडला, तर मुकाट्यानं सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आन् बाहेरून दहावीला बसायचं."

टाँग टेस्टर म्हंजे चिमट्यासारखं मीटर. वायरीभोवती नुसता धरला की आत किती करंट चाललाय ते आकड्यात दिसतं. मामा तो मला धरूसुदिक देत न्हाई, सदऱ्याच्या आत ठेवतो. मी लगेच हाव मनलो.

अर्ज केला, वीस-बावीस दिवसांत नवं मीटर आलं. तोवर मी झोपेतबी वाटा लावत हुतो. आन् मला एक युक्ती सुचली. गाडी चार्ज होणार रात्री. मग दिवसाचं सगळं सामान गाडीच्या वाटंवर टाकायचं. कपड्याचं मशीन दुपारी लागतं, मोटर दुपारी, वरचा गीझर सकाळी आठला, शिवप्पाशेटचा पोरगा उठल्यावर. गाडी झोपली की हे उठणार, हे झोपले की गाडी. एकमेकांची तोंडंबी बगणार न्हाईत. बाकी दोन वाटा मोकळ्याढाकळ्या. मी हे पोर्चच्या भिंतीवर डीबीच्या, म्हंजे मेन बसवतात त्या पेटीच्या, शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, पायरी पायरीनं, मामाला कळावं मनून. मामानी वाचलं, दाढी खाजवली, मनला डोकं तर बरं लावलंय. आन् मी सांगितलं तसं जोडलं.

वहिनींना कॉलेजला सुट्टी हुती, आठवडाभर गाडी इथंच चार्ज झाली. मेन हलला न्हाई. मी रोज सायकलवरून त्या गल्लीतून जायचो, काम नसताना. चार्जरचा हिरवा दिवा दिसला की छातीत फुगा भरायचा. टाँग टेस्टर सोमवारी द्यायचं ठरलं, वहिनी नांदेडला सुखरूप पोचल्या की.

काल रविवार. माझा ड्रिलचा बिट पोर्चमधी राहिला हुता, तो आणायला गेलो. मामा कंधारला साडूच्या नातवाच्या बारशाला गेलेला. गेट उघडलं आन् बगतो तर अंगणात पिंपं. निळी, काळी, एक पितळंचं घंगाळ, बादल्या, कळशा, सगळं घासून पालथं घातलेलं. ही पिंपं मी पहिल्या दिवशीच बगितली हुती. मोजली न्हवती. पिंपाला कुठं लेबल असतं?

मी पार्वतम्मांना मनलो, कार्यक्रम हाय का काय?

"उद्या नळ हाय की," त्या मनल्या. "आठ दिवस झाले न्हाईत का."

किती वाजता मनलो.

"तम्मा, नळाला घड्याळ असतं का? कदी चारला येतंय, कदी सहाला. मागच्या टायमाला साडेचारला आलं. दीड-दोन तास ऱ्हातंय, तेवढ्यात सगळं करायचं."

सगळं म्हंजे काय काय, मी इचारलं. माझा आवाज बारीक झाला हुता.

त्या बोटांवर मोजत सांगत राहिल्या. मोटर लावायची, हौदातलं वरच्या टाकीत चढवायचं. आठ दिवसांच्या चादरी, अभ्रे मशीनला लावायचे. सगळ्यांनी उठून अंघोळ करायची, वरच्यांनीबी, कारण पाणी चालू असताना अंघोळ केली तर साठवलेलं वाचतं. मग लिंगपूजा. तेवढ्यात घरघंटीबी लावून घेतात, पहाटे उठलोच हाय मनून. नळाच्या दिवशी ह्या घरात कुणी झोपत न्हाई.

मी पोर्चमधी जाऊन भिंतीवरचं वाचलं. माझ्याच अक्षरात. मोटर, दुपारी. मशीन, दुपारी. वरचा गीझर, आठ वाजता. हे साध्या दिवसाचं हुतं. मी लातुरात जन्मलो, लातुरात वाढलो, आमच्या घरीबी नळाच्या दिवशी आई आमाला पहाटे लाथा घालून उठवती, आन् मी साधा दिवस मोजला. पुण्याच्या पोरानं चुकावं तसा चुकलो.

भिंतीवरच बेरीज केली. गाडी बत्तीस. वरचा गीझर नऊ. मशीन नऊ. मोटर सहा. छप्पन. चाळीसच्या राखणदारावर छप्पन, आन् ती सगळी एकाच वाटंवर, माज्याच हातानं. लगेच पडणार न्हाई, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं दम धरंल आन् मग पडंल. मेन पडला की मोटर बंद. परत लावला की परत पडणार. तोवर नळ गेला. आठ दिवस घरात पाणी न्हाई, आन् गल्लीत नाव कुणाचं? गाडीचं. वहिनी मनल्या हुत्या, सासूबाईंना ही गाडी आधीपासून पटलेली न्हाई.

गाडी नको लावू मनावं तर वहिनी गाडी घेऊन सासूच्या माहेरी उदगीरला गेलेल्या, तिथून रात्रीच येणार हुत्या, बॅटरी रिकामी. रात्री अकराला लावली तर पहाटे साडेपाच-सहाला भरती. सहाला निघायचं. दुसरा टाइमच न्हाई.

आता खरं सांगतो. मला एकदा वाटलं, गप घरी जावं. कुणाला काय कळतंय? नळ साडेसहाला आला तर गाडी भरलेली असंल, मेन पडणार न्हाई, टेस्टर माझा. मी गेटपर्यंत गेलोबी. पार्वतम्मा पिंपावर कपडा फिरवत हुत्या, आतून-बाहेरून, परातीसारखं लख्ख. मी परत फिरलो आन् मामाला फोन लावला.

"मामा, माझं चुकलं."

बारशाचा गलका ऐकू येत हुता. मामा बाजूला गेला असंल, गलका कमी झाला. मी सगळं सांगितलं, छप्पनपर्यंत.

"म्हंजे हरलास," मामा मनला.

"मेन पडलाय कुठं अजून?"

"मग पडू दे की उद्या. पडला की कळंल."

माझं डोकं सटकलं. फोन कट केला. इथं मी पाणी जाईल मनून बेजार आन् ह्याला पैज पडलीय. पोर्चच्या पायरीवर बसलो. दोन वायरी इकडच्या तिकडं करायच्या, एवढंच काम. पण डीबी उघडायला मामाशिवाय मला परवानगी न्हाई, तशी मी आईची शपथ घेतलेली हाय. भिंतीवर नवीन वाटा लिहीत बसलो. एका वाटंवर गाडी एकटी, सोबतीला नुसते पोर्चचे दिवे. दुसरीवर खालचा गीझर, वरचा गीझर, मोटर, मिक्सर. तिसरीवर तिसरा गीझर, मशीन, घरघंटी, फ्रीज, पंखे. एसी एक इकडं, एक तिकडं. ह्या टायमाला साधा दिवस धरला न्हाई. नळाचा दिवस धरला, त्यात वहिनींची गाडी रिकामी धरली, पाव्हणे मुक्कामाला धरले. तरी चाळीसच्या खाली बसतंय का बगितलं. बसलं.

साडेसहाला गेटपाशी मोटरसायकल थांबली. मामा. कंधारहून सरळ आलेला, तोंडावर धूळ, खिशात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी. ती माझ्या हातात दिली आन् भिंत वाचायला लागला. एक बोट फिरवत फिरवत वाचली. मग सदऱ्याच्या आतून टेस्टर काढला, पायरीवर ठेवला आन् मनला, मेन बंद कर, टॉर्च धर. ह्या टायमाला बंद केलीस तर बग.

अर्ध्या तासाचं काम. पार्वतम्मांची टीव्हीवरची शिरेल बुडाली मनून त्या चिडल्या, पण चहा दिला.

आज पहाटे चारला आमी दोघं परत आलो. नळ आल्यावर घरात काय होतंय ते मला डोळ्यांनी बगायचं हुतं. गाडी पोर्चमधी, हिरवा दिवा चालू. पावणेपाचला गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, आलं, आलं. आन् मग जी पळापळ सुरू झाली. हौदात धो धो आवाज. शिवप्पाशेट बनियनवर पाइप धरून. मोटर घरघरली. वरून पोराचा आवाज, गीझर लावलाय. मशीन सुरू. पार्वतम्मा न्हाऊन, विभूती लावून, ओल्या केसांनी घरघंटीत ज्वारी वतायल्या. मिक्सरबी लावला कुणीतरी. सगळं एकदम, एकाच घरात.

मामानी डीबी उघडली. मी टेस्टर मागितला न्हाई. त्यानीच म्होरं केला.

"मोज."

पहिली वाट, गाडीची. चौतीस. दुसरी, सत्तावीस. तिसरी, बावीस-तेवीस, मशीन फिरतंय तसं हलत हुतं. परत मोजलं, तेच. वायरीला हात लावून बगितला, कोमटबी न्हाई. दहा मिनिटं झाली. पंधरा. वरची टाकी भरून पाणी पन्हाळीतून खाली आलं, माझ्या डोक्यावर, आन् कुणी मोटर बंद करंना, सगळे बगतच राहिले. मेन जागेवर. मला इतकं हसू आलं की मामानी पाठीत धपाटा घातला.

"जिंकलो," मी मनलो.

"कसा? चुकला हुतास."

"पडला न्हाई."

"मी आलो मनून पडला न्हाई."

"मी फोन केला मनून तू आलास."

मामानी शिवप्पाशेटकडं बगितलं. शिवप्पाशेट पाइप झटकत मनले, व्यवहारात मी पडत न्हाई. मग मामानी त्याचा तेवीस वर्षांचा नियम काढला. "सगळ्याचं निम्मं. टेस्टर तुजा. फॉर्मबी भरायचा, पण निम्मेच विषय."

असं कुठं असतं का मनलो. मामा मनला, गणितापासून सुरू कर, तिथं पायऱ्या लिहायला शिकलायस आता. बोट भिंतीकडं.

मी चिडणारच हुतो. पण टेस्टर हातात हुता.

वहिनी पर्स घेऊन बाहेर आल्या, भिंतीवरचं सगळं वाचलं, खालपासून वरपर्यंत, आन् मोबाइलनी फोटो काढला. मनल्या, विष्णुपुरीला आमच्या कॉलनीत तिघांनी गाड्या घेतल्यात आन् तिघंबी मोठा मेन टाकायला निघालेत. आज येतोस का मोजायला? संध्याकाळच्या बसनी परत ये. मी मामाकडं बगितलं. मामा मनला, माझ्याकडं काय बगायलास, चार्जरची कामं तुजी. पण डीबी उघडायची न्हाई, नुसतं मोजायचं. आन् आधी इचार, तुमच्याकडं नळ कदी येतो.

गाडी सत्त्याण्णववर हुती तवा मी पायरीवर बसलो आन् चार्जरच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर हे लिहायला घेतलं. आता आत गाडीच्या पडद्यावर शंभर आलंय. वहिनींनी वायर काढून गुंडाळली, पार्वतम्मांनी नव्या चाकाखाली लिंबू ठेवलं, मला डबा दिला. मी आजवर नांदेडला एस्टीशिवाय गेलो न्हाई. अजून सांगायचं हुतं की तिसऱ्या वाटंवर अजून सतरा अँपिअर मोकळे हायत आन् त्याचं काय करता येईल ते मला पहाटे सुच

वहिनी हॉर्न वाजवायल्यात. मला आता निघायला लागतंय.